साडेत्रेसष्ट अंशांचा उजेड

१९१२ साली मुंबईत घरांमधल्या उजेडावर आणि हवेवर एक व्याख्यान झालं. व्याख्याते होते जे. पी. ऑर, बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्टचे अध्यक्ष. मुंबईकर आजही ज्याला 'बीआयटी' म्हणतात तोच हा ट्रस्ट. १८९६च्या प्लेगने शहर हादरल्यावर १८९८ साली तो स्थापन झाला. अंधाऱ्या, कोंदट खोल्यांमुळे माणसं आजारी पडतात हे ऑर यांनी मनावर घेतलं होतं आणि त्यावर त्यांचा उपाय एका कोनात मावत होता: साडेत्रेसष्ट अंश. खोलीच्या बाहेरच्या भिंतीच्या पायथ्यापासून समोरच्या इमारतीच्या माथ्यापर्यंत दोरी ताणली, तर ती जमिनीशी साडेत्रेसष्ट अंशांपेक्षा जास्त उभी होता कामा नये. साध्या हिशेबात सांगायचं तर समोरची इमारत चाळीस फूट उंच असेल, तर मधे निदान वीस फूट मोकळं हवं. तेवढ्या जागेतून जो आभाळाचा तुकडा दिसेल, त्याच्यावर तळमजल्यावरच्या बिऱ्हाडाने दिवस काढायचा.

जुन्या वस्त्यांमधे तेवढंही नव्हतं. दोन इमारतींच्या मधे असायची ती घरगल्ली: सांडपाण्यासाठी आणि सफाई कामगारांच्या येण्याजाण्यासाठी ठेवलेली अरुंद फट. आतल्या खोल्यांच्या खिडक्या तिच्यातच उघडत. ट्रस्टने ठिकठिकाणी चाळी बांधल्या, त्यांतल्या काही माझगावात ताडवाडीला आहेत. खोल्या लहानच होत्या. पण दोन इमारतींमधे अंतर राखायचं, हा आग्रह त्या काळात नवा होता.

आज माझगावात कुणी पहिल्यांदाच घरात झाड आणायचं ठरवलं की नर्सरीत जाऊन ठरलेला प्रश्न विचारतं: फारसं बघावं लागणार नाही असं काय आहे? उत्तरही जवळजवळ ठरलेलं असतं. मनी प्लांट घ्या, स्नेक प्लांट घ्या, झीझी घ्या, स्पायडर प्लांट घ्या. ही झाडं कुठून आली, आणि या बंदराकाठच्या वस्तीत हीच का तगली, याचा माग काढत गेलं की वाट ऑर यांच्या कोनापाशी येऊन पोचते.

त्याआधी माझगावात घराच्या आत झाड आणण्याचं काही कारणच नव्हतं. घरच झाडांत होतं. हे मूळचं कोळ्यांचं आणि भंडाऱ्यांचं बेट. ताडवाडी, भंडारवाडा ही नावं ताडामाडांची आणि त्यांवर चढणाऱ्या माणसांची आठवण ठेवून आहेत. आजूबाजूला झाडांच्याच नावाची उमरखाडी आहे, चिंचपोकळी आहे. आणि माझगावचा आंबा तर जगाला ठाऊक होता. पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ता याच्याकडे मुंबईचं बेट खंडाने होतं. १५६३ साली गोव्यात छापलेल्या त्याच्या ग्रंथात मुंबईतल्या, वर्षातून दोनदा फळणाऱ्या आंब्याच्या झाडाचा उल्लेख येतो. १५७२ साली पोर्तुगालच्या राजाने माझगाव डिसोझा घराण्याला वंशपरंपरेने दिलं. पुढे इंग्रजांच्या काळात, १८०९ साली मुंबईत आलेल्या मारिया ग्रॅहम या प्रवासी लेखिकेने माझगावच्या मूळ आंब्याच्या झाडावर हंगामात शिपायांचा पहारा असतो आणि शहाजहानच्या काळात इथले आंबे दिल्लीच्या दरबारात जात, असं नोंदवलं. तिथून ही गोष्ट टॉमस मूर या आयरिश कवीच्या १८१७च्या 'लल्ला रूख'मधे शिरली. माझगाव कधीही न पाहिलेल्या युरोपातल्या वाचकांना माझगावचा आंबा माहीत झाला.

अशा गावात झाड म्हणजे जमीन. कुंडी लागायची ती तुळशीला, आणि तिचंही वृंदावन अंगणात.

झाडाला जमिनीपासून सोडवण्याचं काम एका काचेच्या पेटीने केलं. लंडनच्या गोदी भागात नॅथॅनियल वॉर्ड नावाचा डॉक्टर होता. धुरकट हवेमुळे त्याच्या बागेतले नेचे मरत. १८२९ साली त्याने एका पतंगाचा कोश ओलसर मातीसह बंद बाटलीत ठेवला. पतंगाचं राहिलं बाजूला, त्या मातीतून नेचा आणि गवत उगवलं आणि झाकण न उघडता टिकलं. आतली वाफ काचेवर जमून पुन्हा मातीत उतरत होती. बाहेरच्या पाण्याची गरज उरली नव्हती. १८३३ साली वॉर्डने अशा पेट्यांत रोपं भरून जहाजाने सिडनीला पाठवली आणि ती जिवंत पोचली. समुद्राचा खारा वारा, महिनोन् महिने गोड्या पाण्याची चणचण, यांतून रोप वाचवण्याची युक्ती सापडली. त्यानंतर जगभरची झाडं एका किनाऱ्यावरून दुसऱ्या किनाऱ्यावर जाऊ लागली. अशा पेट्या जहाजांच्या डेकवर ठेवून जात, आणि त्या काळच्या मोठ्या जहाज कंपन्यांपैकी पी अँड ओ कंपनीची गोदी माझगावातच होती. १७७४ साली बांधलेल्या छोट्या गोदीपासून सुरू झालेला तो पसारा आज माझगाव डॉक म्हणून युद्धनौका बांधतो.

मुंबईत रोपांची देवघेव करणारी माणसं तोवर तयार होती. पश्चिम हिंदुस्थानची कृषी-उद्यान संस्था, म्हणजे अ‍ॅग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटी, १८३० साली निघाली आणि शिवडीला तिची बाग होती. टपाल खात्यातला अधिकारी जॉन ग्रॅहम तिच्या कामात गुंतलेला; त्याने मुंबई आणि परिसरातल्या झाडांची यादी तयार केली, ती १८३९ साली छापली गेली. ग्रॅहम त्याच वर्षी खंडाळ्याला वारला, उरलेलं काम जोसेफ निमो याने पूर्ण केलं. जंगलातल्या झाडांबरोबर बागेतल्या, परदेशाहून आणून लावलेल्या झाडांचीही त्या यादीत नोंद आहे. शहराच्या कुंडीतल्या झाडांचा इतिहास लिहायचा झाला तर सुरुवात या यादीपासून करावी लागेल.

शिवडीची जागा पुढे दफनभूमीसाठी गेली. संस्थेला नवी जमीन मिळाली ती माझगावच्या माउंट इस्टेटमधली, तेहेतीस एकर. १९ नोव्हेंबर १८६२ रोजी तिथे व्हिक्टोरिया गार्डन्सचं उद्घाटन झालं. १८७३ साली बाग नगरपालिकेकडे आली. हीच राणीची बाग, आताचं वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान. ती आज भायखळ्याची म्हणून ओळखली जाते, पण तिचं सातबाऱ्याचं नातं माझगावाशी आहे असं म्हणायला हरकत नाही.

या बागेच्या उभारणीतली एक हकिगत सांगण्यासारखी आहे. जॉर्ज बर्डवुड हे डॉक्टर या कामात पुढे होते. काम सुरू असताना तिथल्या मजुरांना डासांनी भंडावून सोडलं. बागेच्या हिंदू कारभाऱ्यांनी सुचवलं म्हणून बागेच्या सगळ्या हद्दीवर तुळस लावली गेली. डास कमी झाले आणि तिथे राहणाऱ्या माळ्यांचा तापही गेला, असं बर्डवुड यांनी चाळीस वर्षांनी, १९०३ साली लंडनच्या 'टाइम्स'ला पत्र लिहून कळवलं. तोपर्यंत रोनाल्ड रॉस यांनी हिवतापाचा आणि डासांचा संबंध सिद्ध करून सहा वर्षं झाली होती. ताप तुळशीने गेला की जमीन भरून, पाणी काढून दिल्याने गेला, हे आता तपासता येणार नाही. पण डास, झाड आणि साचलेलं पाणी या तिघांची गाठ माझगावात अशी पहिल्यापासून पडलेली आहे, आणि ती पुढे कुंडीखालच्या बशीपर्यंत येते.

युरोपात याच सुमारास घरात झाड ठेवण्याचं वेड पसरलं होतं. कारण होतं थंडी. उष्ण प्रदेशातून आणलेलं रोप तिथे उघड्यावर जगत नाही, म्हणून ते दिवाणखान्यात आलं. पण दिवाणखान्यात कोळशाची शेगडी आणि गॅसचे दिवे. त्यांच्या धुराने नाजूक झाडं काळवंडत. या सगळ्याला पुरून उरलं ते अ‍ॅस्पिडिस्ट्रा, पूर्व आशियातलं रुंद, गडद पानांचं झाड. लोकांनी त्याला बिडाचं झाड असंच नाव दिलं. कमी देखभालीचं झाड ही कल्पना तिथून सुरू झाली असं म्हणता येईल: कमी उजेड, वाईट हवा आणि विसराळू मालक सहन करणारं झाड.

मुंबईतही ऑक्टोबर १८६५पासून रस्त्यांवर गॅसचे दिवे आले. गॅस कंपनीचा कारखाना लालबागला होता. पण मुंबईला थंडीची अडचण कधीच नव्हती. लंडनमधे ज्या क्रोटनला, ज्या अरेका पामला काचघर लागतं, ती झाडं इथे दारात, पावसात, फारसं न विचारता वाढतात. त्यामुळे 'घरातलं झाड' या शब्दाला मुंबईत निराळा अर्थ आला. तिकडे झाड थंडीमुळे आत गेलं. इथे ते आत गेलं कारण बाहेर जागा उरली नाही. इंग्रजी पुस्तकांतले सल्ले मुंबईत फसतात ते बरेचदा यामुळे. हीटरजवळ ठेवू नका, पानांवर पाणी फवारा, हे सगळं कोरड्या, थंड घरांसाठी लिहिलेलं आहे. जुलैत भिंतींना ओल येणाऱ्या माझगावच्या खोलीत पानांवर आणखी पाणी फवारलं, तर झाडाला बुरशी लागते.

अंगण आणि खोली यांमधला टप्पा म्हातारपाखाडीत अजून दिसतो. ईस्ट इंडियन समाजाचं हे माझगावातलं जुनं गावठाण. लाकडी कठड्यांची घरं, बाहेरून चढणारे जिने, कौलं, पुढे पडवी. मुंबईचे महापौर झालेले, लोकमान्य टिळकांचे सहकारी जोसेफ 'काका' बॅप्टिस्टा यांचा जन्म १८६४ साली इथलाच. या घरांच्या पडवीत नेचे, क्रोटन, पाम यांच्या कुंड्या असतात. जिन्याच्या पायऱ्यांवर एकेक. पडवी म्हणजे ना धड आत, ना धड बाहेर. वरून ऊन नाही, पण तिन्ही बाजूंनी उजेड. पावसाची झड लागते, पण धार लागत नाही. रानात मोठ्या झाडांच्या सावलीत वाढणाऱ्या रोपाला नेमकं हेच लागतं. घरात ठेवायची म्हणून विकली जाणारी बहुतेक झाडं मुळात पडवीतली आहेत, हे लक्षात ठेवलं तर निम्म्या चुका टळतात.

पडव्या गेल्या आणि गॅलऱ्या आल्या. चाळीच्या गॅलरीच्या कठड्याला तारेने बांधलेले डबे हे मुंबईचं खरं उद्यान. त्या डब्यांचाही स्थानिक इतिहास आहे. हिंदुस्थान वनस्पती कंपनीचा कारखाना माझगावच्या शेजारी, शिवडीला, १९३२ साली उभा राहिला, आणि १९३७पासून 'डालडा' बाजारात आला. पिवळा पत्रा, त्यावर हिरवा माड. तूप संपलं की डब्याच्या बुडाला खिळ्याने भोकं पाडायची, खाली खापराचा तुकडा टाकायचा, वर लाल माती आणि शेणखत. जिथले ताड-माड तोडून वस्ती झाली, तिथल्या कठड्यांवर माडाचं चित्र असलेले डबे रांगेने लागले आणि त्यांतून तुळस, पानओवा, गवती चहा, सदाफुली, कोरफड, ऑफिस टाइम अशी झाडं वाढली. यांतली सदाफुली मादागास्करची, ऑफिस टाइम दक्षिण अमेरिकेतलं. चाळीत कुणी त्यांना परकं मानलं नाही.

या निवडीमागे चांगलीच अक्कल होती. चाळीत पाणी ठरावीक वेळीच यायचं, सार्वजनिक नळावर. झाडासाठी वेगळं पाणी भरणं कुणाला परवडणार? तांदूळ धुतलेलं पाणी, डाळीचं पाणी, रविवारी मासळी धुतलेलं पाणी, असं जे उरेल ते डब्यात. म्हणून टिकली ती एखादा दिवस तहान काढणारी झाडं. कोरफड तर दारावर उलटी टांगलेली, मातीवाचून महिनोन् महिने हिरवी राहते. लोक ती दृष्ट लागू नये म्हणून बांधतात. झाड किती कमी पाण्यावर जगू शकतं हे त्या दारातून येणारा-जाणारा प्रत्येक जण रोज बघत होता.

पाण्याचा विषय निघाला की भंडारवाड्याच्या टेकडीवर चढून यावं. तिथे एके काळी माझगावचा किल्ला होता. १६९० साली जंजिऱ्याच्या सिद्दी याकूतखानाने तो उद्ध्वस्त केला. १८८४ साली त्याच टेकडीवर शहराला पाणी पुरवणारा जलाशय बांधला गेला आणि त्याच्या छपरावर बाग केली. ती जोसेफ बॅप्टिस्टा उद्यान, लोकांच्या तोंडी माझगाव गार्डन. कठड्यापाशी उभं राहिलं की खाली हार्बर लाइन, डॉकयार्ड रोड स्टेशन, गोदीतल्या क्रेन आणि त्यापलीकडे बंदर दिसतं. ही बाग म्हणजे एका अर्थी प्रचंड मोठी कुंडी आहे. खाली पक्का तळ, वर मर्यादित माती. मुळं खोल जाऊ शकत नाहीत आणि जास्तीचं पाणी वाहून जाण्याची सोय करावीच लागते. घरातल्या कुंडीचे प्रश्न तेच, फक्त मोजमाप वेगळं.

आता मनी प्लांटकडे येऊ, कारण माझगावात गॅलरीतून खोलीत, आणि डब्यातून बाटलीत, झाड नेलं ते यानेच. हा वेल मूळचा प्रशांत महासागरातल्या मोरेया बेटाचा, ताहितीच्या शेजारचा. १८८० साली युरोपातल्या उद्यानविद्येच्या एका नियतकालिकात त्याचं वर्णन 'पोथॉस ऑरियस' म्हणून छापलं गेलं. तेव्हा तो सॉलोमन बेटांवरचा समजत. नंतर नावं बदलत गेली आणि १९६४ साली 'एपिप्रेम्नम ऑरियम' हे आजचं नाव मिळालं. एवढा गोंधळ व्हायचं कारण, हा वेल फुलतच नाही, आणि वनस्पतिशास्त्रज्ञ झाड ओळखतात ते फुलावरून. आपोआप फुलल्याची शेवटची नोंद १९६४ची आहे. २०१६ साली शास्त्रज्ञांनी दाखवून दिलं की फुलण्यासाठी लागणारं जिबरेलिन हे संप्रेरक तयार करणाऱ्या जनुकातच दोष आहे. ते बाहेरून फवारल्यावर वेल फुलला. म्हणजे जगभरातले, आणि माझगावच्या प्रत्येक टीव्हीशेजारचे मनी प्लांट बीजाविना पसरलेले आहेत. पेरापाशी कापलेल्या एकेका फांदीतून, हातोहात. शेजाऱ्याच्या नकळत कापून आणलेला वेलच पैसा देतो ही समजूत सगळ्यांना माहीत आहे. या वेलाचा प्रवास दुसऱ्या कुठल्या मार्गाने होण्यासारखाच नव्हता.

पाण्याच्या बाटलीत तो वर्षभर जगतो, आणि इथेच बर्डवुड यांच्या डासांची पुन्हा भेट होते. १९११ साली चार्ल्स बेंटली यांनी मुंबईतल्या हिवतापाचा तपास करून दाखवलं की डास दलदलीत नाही, तर घरांमधल्या विहिरींत आणि टाक्यांत वाढतात. त्यानंतर शहरातल्या कित्येक विहिरी बंद झाल्या किंवा झाकल्या गेल्या. आता विहिरींची जागा कुंडीखालच्या बशीने आणि मनी प्लांटच्या बाटलीने घेतली आहे. डेंगीचा एडिस डास चमचाभर स्वच्छ पाण्यावर भागवतो, आणि अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस लागतात. पावसाळ्यात पालिकेच्या कीटकनाशक विभागाची माणसं दारोदार फिरून नेमक्या याच बाटल्या आणि 'लकी बांबू'चे वाडगे तपासतात. लकी बांबू हा बांबू नव्हे. ते पश्चिम आफ्रिकेतलं ड्रसिना कुळातलं झाड आहे. बाटलीतलं पाणी आठवड्यातून एकदा पूर्ण ओतून, आतली बाजू घासून धुवायची. अंडी काचेला चिकटलेली असतात, नुसतं पाणी बदलून ती जात नाहीत.

स्नेक प्लांट पश्चिम आफ्रिकेतलं. त्याच्या भारतातल्या भाऊबंदांच्या पानांपासून चिवट धागा निघतो, त्याची नोंद विल्यम रॉक्सबर्ग यांनी दोनशे वर्षांपूर्वी केली. शास्त्रज्ञांनी आता स्नेक प्लांटला ड्रसिनाच्या कुळात बसवलं आहे. हे झाड पानांवरची छिद्रं दिवसा मिटून रात्री उघडतं, म्हणून त्याचं पाणी उडून जात नाही; तीन आठवडे गावी जाऊन आलं तरी ते जागच्या जागी उभं असतं. झीझी पूर्व आफ्रिकेतलं. वनस्पतिशास्त्राला ते १८२९पासून माहीत होतं, पण हॉलंडच्या नर्सऱ्यांनी त्याची मोठ्या प्रमाणात लागवड केली ती १९९६पासून. जमिनीखाली बटाट्यासारखे कंद, त्यांत पाण्याचा साठा. याला मारायचं तर रोज पाणी घालावं लागतं. स्पायडर प्लांट दक्षिण आफ्रिकेतलं, पण त्याची सख्खी चुलत बहीण घरची आहे: सफेद मुसळीच्या शास्त्रीय नावात 'बोरिव्हिलियानम' म्हणजे आपलं बोरिवली आहे. सेंट झेवियर्सचे फादर सांतापाव आणि त्यांचे सहकारी फर्नांडिस यांनी गेल्या शतकाच्या मध्याला ती तिथून वर्णिली.

ही झाडं हवा शुद्ध करतात म्हणून विकली जातात, त्याबद्दल स्पष्ट सांगायला हवं. १९८९ साली अमेरिकेच्या नासा संस्थेत बिल वूल्व्हर्टन यांनी बंद पेटीत प्रयोग केले, त्यांत झाडांनी काही विषारी वायू शोषल्याचं दिसलं. पेटी म्हणजे घर नव्हे. २०१९ साली अमेरिकेतल्या ड्रेक्सेल विद्यापीठाच्या संशोधकांनी असे अनेक प्रयोग एकत्र तपासले. खिडकीतून सहज जेवढी हवा बदलते तेवढं काम झाडांकडून करून घ्यायचं, तर दर चौरस मीटरला दहापासून हजारपर्यंत झाडं लागतील, असा त्यांचा हिशेब निघाला. ऑर यांचं म्हणणं वेगळ्या वाटेने पुन्हा खरं ठरलं. खोलीला हवा हवी असेल तर खिडकी हवी आणि खिडकीसमोर मोकळी जागा हवी.

म्हणून नवशिक्याने नर्सरीत जाण्याआधी घरातल्या खिडकीशी उभं राहावं. दुपारी बाराच्या सुमाराला, जिथे कुंडी ठेवायची तिथे पांढरा कागद धरावा आणि त्यावर फूटभर उंचीवर हात. सावलीची कड रेखीव आली तर तिथे तुळस, कोरफड, सदाफुली, मोगरा यांचा विचार करता येईल. कड पुसट, पण हाताचा आकार कळतोय, तर मनी प्लांट, स्पायडर प्लांट, अरेका. सावली पडलीच नाही तर फक्त झीझी किंवा स्नेक प्लांट, आणि तेही पंधरा दिवसांनी खिडकीशी हलवायचं. माणसाच्या डोळ्याला अंधार लवकर सवयीचा होतो, त्यामुळे डोळ्यावर विसंबू नये. उघड्यावरच्या उन्हात लाखभर लक्स उजेड असतो. त्याच वेळी घरात खिडकीपासून आठ-दहा फूट आत तो काही शेकड्यांवर येतो. तुळशीबद्दल मन घट्ट करावं लागतं. श्रद्धा कितीही असली, तरी ऊन न येणाऱ्या खोलीत तुळस महिन्याभरात काड्या होते. तो तिचा दोष नाही आणि लावणाऱ्याचाही नाही.

पाण्यासाठी बोट पुरतं. मातीत दोन पेरं बोट घालायचं, ओल लागली तर पाणी द्यायचं नाही. जून ते सप्टेंबर माझगावात हवाच इतकी दमट असते की झीझीला महिन्यातून एकदा पाणी पुरे. मुळं श्वास घेतात. मातीतल्या पोकळ्या सतत पाण्याने भरलेल्या राहिल्या की ती सडतात. घरातली बहुतेक झाडं तहानेने नव्हे, प्रेमाने मरतात. बंदराच्या बाजूने येणारी धूळ आणि खार पानांवर बसते, तेव्हा आठवड्याने ओल्या फडक्याने पानं पुसावीत. लहान मुलं किंवा मांजर असेल तर मनी प्लांट, स्नेक प्लांट, झीझी उंचावर ठेवावीत; तिन्हींची पानं चावली तर त्रास होतो.

एक गोष्ट मात्र या यादीने झाकून जाऊ नये. पुनर्वसनासाठी बांधलेल्या इमारती मुंबईत आता पुन्हा एकमेकींना इतक्या खेटून उभ्या राहतात की मधे तीन मीटर जागा सुटते. २०१८ साली गोवंडी-मानखुर्दच्या लल्लूभाई कंपाउंड आणि नटवर पारेख कंपाउंड या वसाहतींचा अभ्यास झाला, तेव्हा खालच्या मजल्यांवरच्या अंधाराचा आणि कोंडलेल्या हवेचा क्षयरोगाशी संबंध पुढे आला. १९१२च्या व्याख्यानातला प्रश्न शंभर वर्षांनी तसाच समोर आहे. ताडवाडीच्या बीआयटी चाळी जीर्ण झाल्या आणि तिथल्या कित्येक कुटुंबांना माहुलला पाठवण्यात आलं. अशा वेळी नव्या खोलीत झीझी तगली, म्हणून ती खोली माणसांना राहण्याजोगी ठरत नाही. झीझी जिथे तगते आणि मोगरा तगत नाही, तिथे उजेड कमी आहे असा त्याचा अर्थ, आणि तो रहिवाशांनी बांधणाऱ्याला विचारण्याचा प्रश्न आहे.

गॅलरी ज्यांची अजून शाबूत आहे, त्यांच्याकडे पावसाळ्यात एक रात्र येते. ब्रह्मकमळाची. हिमालयातलं खरं ब्रह्मकमळ निराळं. चाळीतलं हे मध्य अमेरिकेतलं निवडुंगाच्या कुळातलं झाड, लटकत्या चपट्या फांद्यांचं. सगळे त्या फांद्यांना पानंच म्हणतात. वर्षभर त्याच्याकडे कुणी बघत नाही. अर्धवट सावलीत, जुन्या डब्यात, वाटेल तेव्हा मिळालेल्या पाण्यावर ते असतं. मग एका संध्याकाळी कळी मान वर करते आणि निरोप जिन्याने खाली-वर जातो. रात्री दहानंतर पाकळ्या उघडायला लागतात. शेजारपाजारचे खुर्च्या घेऊन येतात, कुणी हळदीकुंकू वाहतं, पोरांना झोपेतून उठवून आणलं जातं. सकाळी फूल मिटून खाली लोंबलेलं असतं. त्याच दिवशी तिसऱ्या मजल्यावरच्या कुणीतरी मागितलेलं एक पान कापून दिलेलं असतं. ते दोन दिवस सावलीत सुकवायचं, कापलेली बाजू कोरडी झाली की मातीत खोचायचं, आणि आठवडाभर पाणी घालायचं नाही.